दुसरीकडे खेळ सुरू आहे

श्रीरंगने टीव्ही स्टँडसकट भिंतीपासून हातभर पुढे ओढला आणि मागच्या फटीत आडवा हात घातला. बोटांना आधी धूळ लागली, मग वायरींचा गुंता, मग अगदी कोपऱ्यात एक चपटी, चौकोनी जागा.

"सापडलं?" उल्काने सोफ्यावरून विचारलं. नवा कन्सोल तिच्या मांडीवर होता. खोकं, पिशव्या आणि आतले पुठ्ठे जमिनीवर पसरले होते.

"खाच सापडली. पण तिच्यात आधीच एक वायर आहे."

"खाच म्हणजे?"

तो थांबला. "खाच म्हणजे पोर्ट."

"अच्छा. मग पोर्ट म्हण ना. ती डिशची वायर असणार. काढ ती."

"काढली तर टीव्ही बिघडणार नाही ना?"

"बाबा, यार. तू इंजिनियर आहेस ना?"

"नद्यांचा," तो म्हणाला आणि वायर उपटली.

केंद्र सरकारच्या ज्या खात्यात तो होता तिथे देशभरातल्या नद्यांची पातळी तासातासाला कळत असे, आणि कोणती नदी किती वाजता धोक्याची खूण ओलांडेल हे पुढे कळवायचं हे त्याचं काम. आर. के. पुरमच्या या क्वार्टरमध्ये तो दोन वर्षांपासून एकटा राहत होता. पद्मजा आणि अकरा वर्षांची उल्का गुरुग्रामला राहत, एका सोसायटीच्या सतराव्या मजल्यावर. कोर्टाच्या कागदात महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार त्याच्या नावाने लिहिलेला होता, सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेसहा.

सुरुवातीला आठ तास कमी पडत. मग हळूहळू ते उरायला लागले. रेल्वे म्युझियम तीनदा झालं होतं, प्राणिसंग्रहालय दोनदा. गेल्या खेपेला जेवण झाल्यावर उल्काने घड्याळाकडे पाहून विचारलं होतं, "आई आज लवकर येऊ शकेल का मला घ्यायला?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने सहज विचारलं होतं आणि म्हणूनच ते त्याला लागलं. काय काम आहे घरी, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली होती, "माझं गाव आहे ना तिकडे."

गाव कन्सोलवरच्या एका खेळातलं होतं. गेले आठ महिने ती ते बांधत होती. मग श्रीरंगने फोनवर इकडचं तिकडचं बोलता बोलता कन्सोल कोणता, रंग कोणता हे काढून घेतलं आणि अगदी तसाच आणला. गाव जर कुठूनही उघडता येत असेल तर ते इथेही उघडेल, एवढं त्याला कळलं होतं.

सकाळी मेट्रो स्टेशनच्या खाली पद्मजाने गाडी थांबवली तेव्हा त्याने तिला ते सांगितलं. सगळे अजून हुडा सिटी सेंटर म्हणतात ते स्टेशन. दोघांची देवाणघेवाण तिथेच होई, रिक्षांच्या रांगेपलीकडे.

"कन्सोल आणलाय. आज टीव्हीला जोडणार आहोत."

"अरे वा," ती म्हणाली. तिने मोरपंखी कुर्ता घातला होता. कानातले नवे होते, निदान त्याने कधी पाहिलेले नव्हते. "मी आज बाहेर आहे. लंच आहे आमचं. साडेसहाच्या आधी नको आणूस."

"बरं."

"बिल्कुल साडेसहा. घरी कोणी नसेल."

मेट्रोत उल्का शाळेतल्या कुठल्याशा नाटकाबद्दल सांगत होती आणि तो हं, हं करत होता. हौज खासला गाडी बदलायची होती हे तिनेच त्याला सांगितलं. तोपर्यंत तो त्या कानातल्यांपाशीच होता. पद्मजाचे शनिवार कसे जातात हे त्याने कधी विचारलं नव्हतं, विचारायचा हक्कही नव्हता. पण उल्काला घेऊन तो पाठ वळवे तेव्हा दर वेळी त्याला वाटे की मागे आता कुठलं तरी दार उघडलं असेल आणि हसणंबोलणं सुरू झालं असेल. पद्मजाला माणसं आवडत. क्वार्टरमध्ये होती तेव्हा तिच्यामुळे घरात सारखं कोणी ना कोणी चहाला बसलेलं असे.

वायर बसली. कन्सोलचा दिवा लागला. टीव्ही मात्र काळाच राहिला आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी इकडून तिकडे फिरू लागली.

"सोर्स बदलायला लागेल," उल्का म्हणाली. "टीव्हीचा रिमोट दे. डिशचा नाही, टीव्हीचा."

त्याने खण उघडले. पहिल्यात विजेची बिलं होती, दुसऱ्यात औषधं आणि सेल.

"अरे हो," ती मागून म्हणाली. "तो आपल्या घरी आहे. आम्ही तिकडे गेलो तेव्हा मोठ्या टीव्हीच्या रिमोटबरोबर तोही गेला सामानात."

तो खण बंद करायचा विसरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "टीव्हीला बटणं असतील की."

दोघं गुडघ्यांवर बसून टीव्हीच्या खालच्या कडेला बोटं फिरवू लागले. बटण उल्कालाच सापडलं, तांदळाच्या दाण्याएवढं, मागच्या बाजूला. ती दाबत गेली आणि पडद्यावर एकेक नाव बदलत गेलं. चौथ्या की पाचव्या दाबण्याला एकदम निळा उजेड झाला आणि कन्सोलचं चिन्ह वर आलं.

"आला," उल्का म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर एक चापट मारली. किती तरी महिन्यांत तिने आपणहून त्याला हात लावला नव्हता. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला.

कन्सोलला मग आधी इंटरनेट हवं होतं, नंतर कसलीशी दुरुस्ती उतरवून घ्यायची होती. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेवढ्यात त्याने कुकर उघडला. वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या आणि वरच्या मजल्यावरच्या भाटियाबाईंनी दिलेलं गाजराचं लोणचं. ताटं घेऊन दोघं टीव्हीसमोरच बसले.

"किती घरं आहेत तुझ्या गावात?"

"एकवीस. एक शाळा. एक गिरणी. आणि नदी आहे, तिच्यावर पूल."

"पूर येतो नदीला?"

तिने विचार केला. "नाही. तसं त्यात नसतं."

"मग माझा काही उपयोग नाही तुझ्या गावात."

"मासे पकडायला माणूस लागतो," उल्का म्हणाली. "मला ते बोअर होतं. तू पकड. तुला पुलाखालची जागा देते."

"घर मिळेल का?"

"आधी पकडून तर दाखव."

तो हसला. काचऱ्या करपल्या होत्या, पण तिने मागून घेतल्या. सगळा आठवडा तो या तासाची वाट पाहत होता. तिने गावातला एकेक रस्ता दाखवायचा आणि आपण विचारत राहायचं, हे काय, ते कोणी बांधलं. विचारायला किती तरी होतं तिथे. एरवी तो शाळेपासून सुरू करी आणि दहा मिनिटांत दोघांचंही संपत असे.

सव्वादोनला पट्टी भरली. उल्का ताट आत ठेवून हात पुसत आली आणि पासवर्ड टाकायला बसली. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा श्रीरंगने निमूटपणे खिडकीकडे तोंड फिरवलं. बाहेर लॉनवर डिसेंबरचं ऊन होतं. चटया टाकून बायका शेंगा सोलत होत्या.

मागे बटणांची टकटक थांबली.

"बघू का आता?"

तो वळला. पडद्यावर गाव नव्हतं. करड्या चौकटीत इंग्रजीत दोन ओळी होत्या. हे खातं सध्या दुसऱ्या कन्सोलवर सुरू आहे. इथे सुरू केल्यास तिथला खेळ बंद होईल. खाली दोन बटणं होती, 'सुरू करा' आणि 'रद्द'.

त्याने ते दोनदा वाचलं. "कोणी पासवर्ड चोरला की काय तुझा?"

"नाही."

"मग? बंद करायला विसरलीस सकाळी?"

"मी सकाळी लावलाच नव्हता." उल्का हातातल्या कंट्रोलरचं एक बटण नखाने खरवडत होती. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "आई आहे."

"आई बाहेर गेलीय. लंच आहे तिचं."

 उल्काने पाय वर घेतले आणि गुडघ्यांवर हनुवटी टेकली.

"ती जात नाही कुठे," ती म्हणाली. "मला सोडते आणि घरी जाते."

"तुला कसं माहीत?"

"मागच्या वेळी मी परत गेले तर गावातली सगळी गाजरं काढलेली होती. पेटीत भरून ठेवली होती, नीट. झाडांना पाणी घातलेलं. शाळेसमोर दिवे लावलेले, ते तर मी लावलेच नव्हते. त्याच्या आधीच्या वेळीपण तसंच. मासेपण होते पेटीत. खूप मासे."

"तू विचारलंस तिला?"

"नाही."

"का?"

"ती म्हणाली, मैत्रिणींबरोबर पिक्चरला गेलो होतो. स्टोरीपण सांगितली पिक्चरची. पूर्ण." उल्काने नाक ओढलं. "तिला वाटतं मला कळत नाही. म्हणून मी घरी गेल्यावर परत पाणी घालते झाडांना. ओलं असतं ना, तरी घालते. ती बाजूला बसून बघते."

श्रीरंग खुर्चीवर बसला. समोर जमिनीवर खोक्यातला पुठ्ठा पडला होता, तो त्याने उचलला आणि घडीवर घडी घालू लागला. मोरपंखी कुर्ता घालून पद्मजा स्टेशनवरून सरळ घरी गेली होती. लिफ्टने सतराव्या मजल्यावर गेली होती. कदाचित कपडेही बदलले नसतील. चार तास ती मोठ्या टीव्हीसमोर बसून पोरीच्या गावात मासे पकडत होती. दोन वर्षं त्याने मनात धरून ठेवलेलं ते हसणंबोलणं कुठेच नव्हतं. हे कळल्यावर आपल्याला थोडं तरी बरं वाटेल असं त्याला एका क्षणी वाटलं, आणि त्याने तसं वाटायची वाटही पाहिली. पुठ्ठ्याच्या आणखी घड्या होईनात तेव्हा त्याने तो खाली ठेवला.

उल्काचा अंगठा बटणावर होता.

"दाबू?"

"दाबलं तर तिला काय दिसेल?"

"बंद होईल तिचं. लिहून येईल, दुसरीकडे लॉगिन झालंय."

"म्हणजे तिला कळेल."

"हो ना," उल्का म्हणाली. "पण तू एवढा आणलास. आणि अजून चार तास आहेत." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तू म्हण. तू म्हणशील तसं."

त्याने पडद्याकडे पाहिलं. त्या चौकटीमागे धूसर हिरवं काहीतरी दिसत होतं, गावाचंच असावं. डोंगर की झाडी, ते कळत नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "खेळू दे तिला."

उल्काने 'रद्द' दाबलं. ते तिने इतक्या लगेच केलं की तो काय म्हणतो याकडे ती डोळे लावून बसली होती हे त्याला उमगलं.

"तुझ्या नावाने नवं गाव काढता येईल," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण पहिल्यापासून करावं लागेल सगळं."

"किती वेळ लागतो?"

"मला आठ महिने लागले."

"साडेपाचला निघायचंय आपल्याला," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसले, ती जरा जास्तच.

टीव्ही बंद करून ते लॉनवर गेले. भाटियाबाईंनी चटईवर सरकून जागा करून दिली, "आओ बेटा, धूप में बैठो," आणि उल्काच्या ओंजळीत संत्र्यांसारखे चार किन्नू ठेवले. श्रीरंग सालं सोलून फोडी तिला देत राहिला. बिया ती गवतात लांब थुंकत होती आणि कोणती किती लांब गेली ते पाहत होती.

"बाबा, मी गेल्यावर तू काय करतोस?"

"घरी येतो. भांडी घासतो."

"मग?"

"मग झोपतो."

"आणि रविवारी?"

"ऑफिसला जातो."

"रविवारी ऑफिस असतं?"

"नदी रविवारीपण वाहतेच ना," तो म्हणाला. नेहमी तो इथेच थांबत असे. भावाला, ऑफिसात, सगळ्यांना त्याने हेच सांगितलं होतं. आज त्याने हातातली फोड तशीच धरली आणि म्हणाला, "ड्यूटी मला लावत नाहीत. मीच मागून घेतो."

उल्काने मान हलवली.  थोड्या वेळाने ती त्याच्या गुडघ्याला टेकून आडवी झाली आणि तोंडावर ओढणी घ्यावी तसा आपला स्वेटर घेतला. ऊन चटईवरून सरकेपर्यंत ती तशीच पडून होती. तिला झोप लागली होती की नाही हे त्याला सांगता आलं नसतं. पायाला मुंग्या आल्या तरी त्याने पाय हलवला नाही.

साडेसहाला पाच मिनिटं असताना ते स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरले. अंधार पडला होता, धुरकट हवेत रिक्षांचे दिवे पिवळे दिसत होते. पद्मजा गाडीबाहेर उभी होती. कुर्ता तोच, कानातले तेच.

"झालं लंच?" श्रीरंगने विचारलं.

"हो. सायबर हबला गेलो होतो सगळे. मग जरा फिरलो." तिने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "गर्दी फार होती."

"शनिवार ना."

"शनिवार, आणि त्यात हा सीझन." ती उल्काकडे वळली. "मग? जोडला का टीव्हीला?"

उल्का श्रीरंगकडे पाहत होती. त्याने कानटोपी काढून खिशात घातली.

"नाही जमलं," तो म्हणाला. "टीव्ही जुना आहे. सिग्नलच येईना."

"दिवसभरात नाही जमलं?"

"वायर छोटी होती, आई," उल्का म्हणाली. "आणि रिमोट नव्हता. खूप ट्राय केलं आम्ही."

"अरे देवा." पद्मजाचे खांदे जरासे खाली आले. "मग केलंत काय?"

"किन्नू खाल्ले. झोपले मी." उल्काने मागचं दार उघडलं, बॅग आत टाकली आणि स्वतःही आत बसली. दार तिने ओढून घेतलं. काचेतून ती समोर पाहत होती, जणू तिला मुळीच घाई नव्हती.

आता निघायचं असे. एरवी ह्या वेळेला तो 'येतो' म्हणून जिन्याकडे वळलेला असे. मागे एक ई-रिक्षावाला भोंगा वाजवत होता, "मॅडम, गाडी आगे लो," म्हणत होता. पद्मजाने त्याला हाताने थांब अशी खूण केली.

"अवघड नसतं रे ते," ती म्हणाली. "मला सगळं येतं आता. म्हणजे, उल्काचं बघून बघून."

"मला नाही कळत त्यातलं."

"आधी टीव्हीच्या मागे बघायचं. एक चपटं पोर्ट असतं. तुझ्या टीव्हीला एकच असणार, त्यात डिशची वायर असेल, ती काढायची."

"काढायची?"

"काढायची. काही होत नाही. मग कन्सोलची वायर त्यात घालायची, नीट, आतपर्यंत. कन्सोल चालू करायचा. तरी चित्र येणार नाही. घाबरायचं नाही, सोर्स बदलायचा असतो." ती गाडीला टेकली होती आणि दोन्ही हातांनी हवेत टीव्हीचा आकार दाखवत होती. रिक्षावाला वैतागून कडेने निघून गेला. तिचा आवाज मोकळा झाला होता, पूर्वी चहाला बसलेल्या माणसांशी बोलताना होई तसा. "रिमोट नसला तरी टीव्हीला खाली बटणं असतात. बघ हं, अगदी बारीक असतात, बोटाने चाचपायची."

श्रीरंग ऐकत होता. दोन पावलं पुढे येऊन तो तिच्या हातांकडे बघत होता. तिचं संपत आलंय असं वाटलं तेव्हा त्याने विचारलं, "वायर कुठल्या रंगाची म्हणालीस?"

"काळी," ती म्हणाली. "थांब, पहिल्यापासून सांगते."